मध्ये कोण आहे, ते कळवावे

पैसे पोहोचले की नाही, हा प्रश्न गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात पूर्वी कुणाला पडत नसे. नोट हातातून गेली की गेली. समोरच्याने ती उजेडात धरून पाहिली, गल्ल्यात टाकली, विषय संपला. आता माझ्या खात्यातून पैसे निघतात, समोरच्याच्या खात्यात पोहोचत नाहीत, आणि मधल्या काळात ते नेमके कुणाच्या ताब्यात असतात हे विचारायची सोय नाही. मोबाईलच्या पडद्यावर एक चक्र फिरत असते. त्या चक्राविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. चहा घ्या, प्रकरण जरा लांब आहे.

उगाच जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झाले तेव्हा मला आनंदच झाला होता. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवण्याची प्रथा त्यामुळे मोडीत निघाली, हे उपकार मी विसरलेलो नाही. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात हजारातला एक जरी अडकला असे धरले, तरी महिन्याला दोन कोटी माणसे चक्राकडे बघत उभी. त्यांतला मी एक, आणि मला खात्री आहे, दुसरे तुम्ही.

ज्या प्रसंगामुळे हे सगळे कागदावर आणावे लागले तो चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा. त्या दोन-तीन दिवसांत डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो. गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला जे जे बांधायचे ते सगळे तिथे मिळते. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, तोरिंजन, आंबाडे आणि रानातली कितीतरी फळे-पाने, ज्यांची नावे आता घरातल्या थोरांनाच सांगता येतात. सत्तरीच्या डोंगराळ भागातून, दोडामार्गाच्या बाजूने बायका पहाटेच येऊन रस्त्याकडेला गोणपाट पसरून बसतात. वरून पाऊस, खाली चिखल, आणि गर्दी अशी की छत्री उघडावी तर दुसऱ्याच्या डोळ्यात काडी जायची. यांतल्या कित्येकींपुढे आता क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

अशाच एका मावशीकडून मी कवंडळे घेतली, सुपारीचा घोस घेतला, आणखी काहीबाही घेतले. झाले ३४० रुपये. पुठ्ठा स्कॅन केला, पिन टाकला. बँकेचा मेसेज लगेच आला: खात्यातून ३४० रुपये वजा. ॲपवर मात्र चक्र. मावशीने पुठ्ठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पयशे पावूंक नात, बाबा." पैसे आले की बोलून सांगणारी डबी तिच्यापाशी नव्हती. कोड तिच्या मुलाच्या खात्याचा, मुलगा म्हापशाला कामावर. पैसे जमा झाले की त्याच्या फोनवर कळणार आणि मग तो आईला फोन करणार, अशी त्यांची व्यवस्था. त्या गर्दीत मुलाचा फोन काही लागेना. माझ्या मागे चार माणसे पिशव्या घेऊन खोळंबलेली.

आता मी काय करायला हवे होते, तुम्हीच सांगा. पिशवी उचलून चालू लागावे तर कदाचित पैसे परत माझ्याच खात्यात आले असते आणि पहाटेपासून पावसात बसलेल्या बाईचा माल फुकट गेला असता. तिथेच उभे राहावे तर किती वेळ, हे सांगणारे कुणी नाही. शेवटी मी खिशातून रोख ३४० रुपये काढून दिले. तिने ते कमरेच्या पिशवीत ठेवले आणि पुढच्या माणसाकडे वळली. रात्री घरी माटोळी बांधत असताना ॲपवर हिरवी खूण उमटली: व्यवहार यशस्वी.

म्हणजे ३४० रुपये दोनदा गेले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की व्यवहार यशस्वी झालेला असल्याने तक्रार नोंदवता येत नाही. अडकलेल्या पैशांसाठी रकाना आहे, चुकीच्या खात्यात गेलेल्यांसाठी आहे, फसवणुकीसाठी आहे. वेळेवर न सांगितल्यासाठी नाही. यंत्रणेच्या दप्तरी त्या दिवशी डिचोलीत काहीही घडलेले नाही. मावशीचा यात कणभर दोष नाही. तिच्या मुलालाही रात्री जमा झालेले ३४० रुपये कुठल्या गिऱ्हाइकाचे, हे ओळखता येणार नाही, आणि चवथ झाली की ती बाई त्या जागी बसत नाही. दोन प्रामाणिक माणसांमध्ये हिशेबाची गडबड झाली आणि ती करणारा तिसरा नामानिराळा. तो तिसरा कोण, याचा शोध घेणे मला भाग पडले.

पिन टाकल्यानंतर काय होते ते पाहा. ॲपचा निरोप ॲपमागे असलेल्या बँकेकडे जातो. तिथून तो राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, यांच्या यंत्रणेकडे. ती माझ्या बँकेला विचारते: पैसे वजा करता का? माझी बँक वजा करून 'केले' म्हणून उलट कळवते. मग तीच यंत्रणा मावशीच्या मुलाच्या बँकेला सांगते: जमा करा. ती बँक जमा करून तसे कळवते. मग तो निरोप पुन्हा ॲपच्या बँकेकडे आणि शेवटी माझ्या फोनवर. मोजले तर आठ टप्पे होतात, तेही कोडवरचा पत्ता तपासण्याचे टप्पे सोडून. प्रत्येक बँकेच्या आत पुन्हा वेगळा कारभार. बाहेरून आलेला निरोप बँकेच्या मूळ खातेवहीच्या यंत्राला थेट कळत नाही. तो उलगडून, तपासून, त्या यंत्राच्या भाषेत मांडून, रांगेत लावून पुढे द्यावा लागतो. हे काम करणारी जी मधली सॉफ्टवेअरे, त्यांना मिडलवेअर म्हणतात. ती कुणाला दिसत नाहीत, त्यांच्या नावाची पाटी कुठे लागत नाही, आणि सगळे सुरळीत असेपर्यंत त्यांची आठवण कुणाला होत नाही.

या मधल्या मंडळींच्या इतिहासात एक ठळक मराठी आडनावही आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे अमेरिकेत गेले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी टेकनेक्रॉन नावाच्या कंपनीतून सॉफ्टवेअरचा असा एक सामायिक मार्ग तयार केला की वॉल स्ट्रीटवरचे भाव, बातम्या, सौदे त्यावरून सगळ्या यंत्रांना एकाच वेळी मिळू लागले. पाठवणाऱ्याने निरोप मार्गावर सोडायचा, ज्याला हवा त्याने उचलायचा. कोण कुठे बसला आहे हे पाठवणाऱ्याला माहीत असायची गरज नाही. त्याआधी तिथल्या दलालांच्या टेबलावर प्रत्येक माहितीसाठी वेगळा पडदा असे. १९९७ साली याच कामातून टिब्को ही कंपनी उभी राहिली. रणदिव्यांच्या कर्तबगारीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण शेअरच्या भावाची गोष्ट वेगळी. एक भाव हुकला तरी क्षणभरात दुसरा येतो आणि जुन्याला किंमत उरत नाही. ३४० रुपये हुकले तर मागून दुसरे ३४० येत नाहीत. पैशाचा निरोप पोहोचलाच पाहिजे, एकदाच पोहोचला पाहिजे, आणि पोहोचला हे पाठवणाऱ्याला कळले पाहिजे. या तीन अटी एकत्र पाळणे फार अवघड आहे, हे मी मान्य करतो.

अवघड का, तेही सांगतो. दोन यंत्रे एकमेकांपासून दूर असली आणि मधला रस्ता बेभरवशाचा असला, तर 'माझा निरोप तुला मिळाला हे तुला माहीत आहे हे मला माहीत आहे' अशी पक्की खात्री दोघांनाही कधीच होऊ शकत नाही. १९७५ साली हे शोधनिबंधात मांडले गेले, आणि पुढे संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचा पेच असे नाव दिले. उत्तर आले नाही म्हणून काम झाले नाही असे समजता येत नाही. कदाचित काम झाले असेल आणि उत्तर वाटेत हरवले असेल. कदाचित काम चालू असेल. कदाचित निरोपच पोहोचला नसेल. तिन्ही वेळा इकडून दिसणारे दृश्य एकच: शांतता. ही गणिताची अडचण आहे, तिला कुणी काही करू शकत नाही. म्हणून बँकांनी व्यवहारी तोड काढली. पैसे घेणाऱ्याच्या बँकेने वेळेत उत्तर दिले नाही तर काही व्यवहार मान्य झाल्याचे गृहीत धरतात आणि हिशेब मागाहून जुळवतात. व्यवस्था म्हणून हे ठीक आहे. पण हे गृहीत बँका आपापसांत धरतात. गोणपाटावर बसलेल्या बाईला तसे कुणी कळवत नाही, आणि ती काही गृहीत धरून माल देऊ शकत नाही.

तुम्ही म्हणाल, डिचोली पडली आडबाजूला, निरोप जायला वेळ लागणारच. हे मला अजिबात मान्य नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई हवाई अंतराने चारशे किलोमीटर, म्हणजे एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा रस्ता. पार चेन्नईला जाऊन आले तरी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत. तारा वळणावळणाने गेल्या म्हणून दुप्पट धरा, तिप्पट धरा. चक्र मात्र पंधरा-वीस सेकंद फिरते. प्रवासाला लागतो तो वेळ डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी. बाकी सगळा वेळ निरोप कुठेतरी रांगेत उभा असतो.

रांगांचेही शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ साली त्याची सुरुवात केली. त्यातला साधा हिशेब असा: यंत्र निम्मे मोकळे असेल तर काम व्हायला मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. यंत्र नव्वद टक्के गुंतले की दसपट. नव्व्याण्णव टक्के गुंतले की शंभरपट. काम तेवढेच, यंत्र तेच, पण शेवटच्या थोड्या गर्दीने सगळे हाताबाहेर जाते. चवथीच्या आदल्या दिवशी गर्दी होणार हे डिचोलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. दिवाळी, महिन्याची पहिली तारीख, पगाराचा दिवस, यांच्याही तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात. अचानक उद्भवलेली परिस्थिती हे कारण इथे चालण्यासारखे नाही.

त्यात टप्प्यांची भर. एकेक टप्पा शंभरातून नव्व्याण्णव वेळा वेळेवर चालतो असे धरू. कुठलाही विभाग एवढ्या कामगिरीवर शाबासकी घेईल. पण असे आठ टप्पे ओळीने लावले की शंभरातले सात-आठ निरोप कुठे ना कुठे रखडतात. गूगलमधल्या जेफ डीन आणि लुईस बारोसो यांनी २०१३ साली हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. एका विनंतीसाठी शंभर यंत्रांना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक यंत्र शंभरातून एकदाच सेकंदाहून जास्त वेळ घेत असेल, तरी शंभरातल्या ६३ विनंत्या रखडतात. प्रत्येकजण निर्दोष, प्रत्येकाचा अहवाल उत्तम, आणि गिऱ्हाईक ताटकळत. म्हणूनच कुणालाही विचारा, उत्तर येते: आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही. ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या टप्प्यावर खरोखरच काही दिसत नाही.

दाखल्यासाठी एका कचेरीत गेलो होतो तिथेही हेच. खिडकीपलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे. कुठला सर्व्हर, कुठे आहे, कधी उठेल, याची त्यालाही कल्पना नव्हती. त्याच्या संगणकावर जे चक्र फिरत होते ते आणि माझ्या मोबाईलवरचे चक्र एकाच कुळातले. अर्ज एका यंत्रात, आधारची पडताळणी दुसऱ्या, शुल्क तिसऱ्या, सही चौथ्या. बहुतेक वेळा या चारांपैकी एकही बंद पडलेले नसते. एक दुसऱ्याची वाट पाहत असते, आणि वाट पाहणाऱ्याच्या मागे सगळी रांग. पण 'सर्व्हर डाऊन' म्हटले की कुणावरच जबाबदारी येत नाही. पाऊस पडतो तसा सर्व्हर पडतो, असे आपण सगळ्यांनी मान्य करून टाकले आहे. मी मान्य केलेले नाही.

वाट पाहणारी यंत्रे अस्वस्थ झाली की काय होते याचे ताजे उदाहरण १२ एप्रिल २०२५ चे. त्या दिवशी देशभर यूपीआय काही तास विस्कळीत झाले. नंतर एनपीसीआयने कारण शोधले ते असे: काही बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचे काय झाले' ही विचारणा पुन्हा पुन्हा करत सुटल्या आणि त्या विचारणांच्या लोंढ्याखाली मुख्य यंत्रणा गुदमरली. उत्तर उशिरा येते म्हणून परत विचारायचे, परत विचारल्याने उत्तर आणखी उशिरा. मग नियम घालून देण्यात आले. पहिली विचारणा ९० सेकंदांनंतरच, आणि जास्तीत जास्त तीनदा. १६ जून २०२५ पासून पैसे वजा-जमा करण्याच्या निरोपाला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आली, आणि व्यवहाराची स्थिती सांगायची १० वर. हे चांगले झाले. मुदत घालून दिली की काम लवकर होते, हा सरकारी खात्यांचा अनुभव यंत्रांनाही लागू पडला.

पण माझा मूळ आक्षेप याने मिटत नाही. जे जे सुधारले ते बहुतेक पैसे देणाऱ्याच्या बाजूने. सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आले. छोट्या रकमांसाठी फोनमध्येच थोडे पैसे काढून ठेवायचे, म्हणजे दर वेळी माझ्या बँकेच्या मूळ खातेवहीला त्रास द्यायला नको. तो एक टप्पा व्यवहाराच्या वेळेतून निघाला. अक्कल लढवून केलेले काम आहे. पण पैसे घेणाऱ्याच्या बाजूचे टप्पे तसेच राहिले. मोठ्या दुकानदाराकडे भाड्याची बोलणारी डबी असते, ती ओरडून सांगते. मावशीकडे ती नाही. तिच्याकडे दूरगावच्या मुलाचा फोन आहे, आणि तो लागत नाही. 'माहीत नाही' या अवस्थेचा सगळा भार अशा रीतीने साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन पडतो. मधल्या प्रत्येकाला आपली मुदत आहे, आपला हिशेब आहे, उशिरा जुळवायची सवलत आहे. फक्त तिलाच जागच्या जागी ठरवायचे असते, माल द्यायचा की नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. मधल्या यंत्रणेला त्या क्षणी जेवढे माहीत असते तेवढे पडद्यावर यावे. पैसे माझ्या खात्यातून वजा झाले आहेत, समोरच्या बँकेचे उत्तर यायचे आहे: हे एनपीसीआयच्या यंत्रणेला ठाऊक असते, कारण वजा झाल्याचे उत्तर आल्याशिवाय ती जमा करायला सांगतच नाही. मग चक्राच्या जागी हेच वाक्य साध्या मराठीत दाखवायला काय हरकत आहे? आणि पाचशे रुपयांच्या आतला व्यवहार असा अधांतरी राहिला, तर घेणाऱ्याला तिथल्या तिथे 'जमा धरा' असे कळवावे आणि पुढचा धोका बँकांनी आपापसांत वाटून घ्यावा. गृहीत धरायची सवय त्यांना आहेच. त्या गृहीतात बाजारातल्या बाईलाही सामील करून घ्यावे.

हे होईपर्यंत जे हातात आहे ते सोडू नका. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आहे. यूपीआयने एकाकडून दुसऱ्याकडे पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि त्याच्याकडे खात्री पोहोचली नसेल तर पाच दिवसांत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायची आहे. तरी मागाच. ॲपवर व्यवहाराखाली बारा आकडी क्रमांक असतो, तो आणि तारीख वहीत लिहून ठेवा. बँकेत फोन करा, आणि तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन खाली ठेवू नका.